उदासीनता, हळवेपणा आणि काळिमा : खानदेशातील दोन साहित्यिकांच्या निमित्ताने

पदव्युत्तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत असतो : 'बालकवींच्या काव्यातील उदासीनतेची कारणमीमांसा करा.' प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न विद्यार्थी असताना सोडविला, अध्यापक झाल्यावर शिकविला आणि परीक्षक या नात्याने त्याची उत्तरे शेकड्यांनी तपासली. उत्तराचा साचा ठरून गेला आहे. दारिद्र्य, वडिलांच्या पोलीस खात्यातील नोकरीमुळे झालेली गावोगावची भ्रमंती, असुखी संसार, आश्रितपणाचे शल्य अशी चारपाच कारणे मांडावीत, प्रत्येकास एकेका कवितेचा दाखला जोडावा, म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरते गुण पदरात पडतात. मीही ते दिले आहेत. परंतु ज्या 'उदासीनता' या कवितेच्या आधारावर हा प्रश्न उभा आहे, तिचे पहिलेच म्हणणे असे की, ही अवस्था कोठून येते ते आपणास कळत नाही. कवी जे ठाऊक नाही म्हणून सांगतो, तेच आपण विद्यार्थ्याकडून गुणांच्या मोबदल्यात वदवून घेतो. कवितेचे म्हणणे खोटे ठरविल्याखेरीज उत्तर बरोबर येत नाही, असा हा प्रश्न आहे.

वर्गाबाहेरही हाच प्रश्न विचारला जातो. जळगावच्या एखाद्या घरात मुलगी चार-चार दिवस अंथरूण सोडीत नाही, किंवा धुळ्याकडील एखादा कर्ता पुरुष बाजारात पाऊल टाकताच घामाने निथळतो, तेव्हा घरचे प्रथम हेच विचारतात : 'तुला कमी काय आहे?' कारण सांगता आले तर दुःख मान्य होते. ते सांगता आले नाही तर दुःखाची जागा ढोंगाच्या, आळसाच्या किंवा वेडाच्या संशयाने घेतली जाते. वाङ्मयीन टीका आणि घरगुती बोलणे यांची पातळी भिन्न असली, तरी या एका बाबतीत त्यांचे व्याकरण एकच आहे असे मला वाटते. आणि ते कसे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

आरंभीच एक खुलासा अवश्य आहे. शंभरावर वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या कवीच्या व्याधीचे निदान करणे हा या लेखाचा हेतू नव्हे. तो अधिकार टीकाकारास नाही. आणि रोगी समोर नसता केलेले निदान वैद्यही मानीत नाहीत. बालकवींना अमुक विकार होता असे म्हणणारे लेख अधूनमधून वाचावयास मिळतात, ते मला पटत नाहीत. माझा प्रश्न कवीविषयी नसून आपल्या टीकेच्या भाषेविषयी आहे.

आता प्रथम शब्दच घेऊ. 'उदासीन' म्हणजे मुळात 'उद् + आसीन', वर किंवा अलग बसलेला, म्हणजे तटस्थ. संस्कृतात हा शब्द दुःखवाचक नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणांत तो गुण म्हणून येतो, आणि ज्याची व्यथा निघून गेली आहे अशाच्या जोडीने येतो. संतांच्या मराठीतही 'उदास' म्हणजे विरक्त. पुढे मराठीत या शब्दाचा अर्थ सरकत सरकत 'खिन्न' असा झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बालकवींनी तो उचलला तेव्हा दोन्ही अर्थ त्याच्या अंगावर होते. टीकाकारांची सोय येथेच झाली. खिन्नतेविषयी लिहिणे अवघड वाटले, की जुना अर्थ पुढे करता येतो : ही केवळ खिन्नता नव्हे, ही गूढाची ओढ आहे, कवी व्यवहारापासून अलग, उंचावर बसला आहे. अशा रीतीने वेदनेचे वैराग्यात रूपांतर होते. कवीची प्रतिष्ठा राखण्यासाठी हे केले जाते हे उघड आहे. पण प्रतिष्ठा राखण्याची गरज पडते, याचा अर्थच असा की, नुसती खिन्नता आपण अप्रतिष्ठेची मानतो.

कवितेची वाक्यरचना मात्र या उदात्तीकरणास साथ देत नाही. तेथे उदासीनता ही 'येणारी' आहे. क्रियेचा कर्ता ती आहे. कवी आणि त्याचे हृदय दोघेही चतुर्थीत आहेत. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून आजपर्यंत 'मला वाटते', 'मला आवडते' अशा रचनांत कर्ता कोणास म्हणावे यावर पुष्कळ खल झाला आहे. तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आपल्यापुरती एक गोष्ट लक्षात घेतली म्हणजे पुरे. मराठीत मनाच्या अवस्था बोलताना मनुष्य स्वतःस कर्तृस्थानी ठेवीत नाही. 'मला भीती वाटते', 'मला वाईट वाटते', 'मला रडू येते', 'मला करमत नाही', 'माझ्या जिवाला घोर लागला आहे'. या सर्व वाक्यांत अवस्था बाहेरून आल्यासारखी येते आणि माणूस तिचे स्थान होतो. तिचे दायित्व त्याच्याकडे जात नाही. भाषेने हा न्याय आपण होऊन केला आहे.

हा न्याय फिरविला जातो तो वाक्य बदलून. 'त्याला भीती वाटते' याचे 'तो भित्रा आहे' होते. 'तिला रडू येते' याचे 'ती रडकी आहे' होते. 'त्याला वेड लागले' याचे 'तो वेडा आहे' होते. चतुर्थीतला माणूस प्रथमेत येतो आणि अवस्थेचा स्वभाव होतो. अवस्था येते तशी जाऊही शकते. स्वभाव जात नाही, निदान मराठी म्हणीप्रमाणे औषधाने तर जात नाहीच. मानसिक विकाराच्या लोकापवादाची मराठीतील घडण मला या एका विभक्तीच्या बदलात दिसते. 'वेड' हे नाम तर आपण लाडानेही वापरतो. गाण्याचे वेड, पुस्तकांचे वेड, विठ्ठलाचे वेड. चतुर्थीत असेतो वेडसुद्धा भूषण ठरते, आणि प्रथमेत आले की त्याच शब्दाने सोयरीक मोडते.

अहिराणीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. तेथे चतुर्थीचा प्रत्यय '-ले' असा आहे : 'माले भ्याव वाटस', 'माले करमत नही'. आजाऱ्याची चौकशीही 'तुले काय व्हयनं?' अशी होते. म्हणजे तुझ्या बाबतीत काय घडले? हा प्रश्न मला फार सभ्य वाटतो. त्यात आरोप नाही. पण तोच विचारणारा ओट्यावर जाऊन बसला की 'तो येडा शे' म्हणून मोकळा होतो. एकच तोंड, एकच बोली. फरक पडतो तो माणूस समोर आहे की पाठीमागे याने.

'करमणे' या क्रियापदाविषयी थोडे विषयांतर करतो. हे क्रियापद बहुधा नकारातच ऐकू येते आणि त्याच्या अर्थाला प्रमाण मराठीतील दुसरा शब्द नेमका पुरत नाही. ज्या गोष्टींत पूर्वी मन रमत असे, त्यांत ते रमेनासे होणे, हे नैराश्यविकाराचे प्रमुख लक्षण म्हणून वैद्यकाची पुस्तके सांगतात. खानदेशातील निरक्षर बाई ते एका क्रियापदात सांगते. चिंताविकाराचेही तसेच आहे. हुरहूर, धास्ती, धाकधूक, जीव वरखाली होणे, जीव टांगणीला लागणे, छातीत धडधडणे. एवढा सूक्ष्म शब्दसंग्रह असलेल्या भाषेत या विकारांविषयी बोलावयास शब्द नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. शब्द आहेत; ते डॉक्टरच्या खोलीत गेल्यावर निरुपयोगी ठरविले जातात, आणि त्यांच्या जागी 'नैराश्य' हा शब्द दिला जातो. 'नैराश्य' म्हणजे आशा नसणे. व्यवहारातील 'निराशा' म्हणजे तर परीक्षेत गुण कमी पडले असता जे वाटते ते. साहजिकच ऐकणारा आशा धरण्याचा सल्ला देतो. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यांनी रोगाच्या नावातच उपदेशास जागा करून ठेवली.

आता बालकवींकडे परत येऊ. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या सतरा वर्षांच्याही आतल्या मुलाचे काव्य ऐकून त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. घटना गौरवाची खरीच. पण नावाचेही एक शासन असते. ज्याला महाराष्ट्राने 'बाल' म्हणून स्वीकारले, त्याला प्रौढ वयातील काळोखाचा हक्क उरला नाही. शालेय क्रमिक पुस्तकांनी 'श्रावणमास', 'आनंदी-आनंद' आणि 'फुलराणी' घेऊन हा बाल कायम केला. 'पारवा' आणि 'खेड्यातील रात्र' या कविता महाविद्यालयापर्यंत मागे ठेवल्या. पडक्या वास्तूत एकट्याने घुमणारा पक्षी किंवा ओसाड खेड्यावर उतरलेली रात्र ही मुलांच्या मनाला सोसणार नाहीत असे संपादकांस वाटले असावे. मुलांनाही काहीच करमेनासे होते, हे तेव्हा कोणाच्या गणतीत नव्हते. परिणाम असा झाला की, मराठी वाचकाच्या मनात दोन बालकवी तयार झाले, आणि दुसऱ्याचे स्पष्टीकरण पहिल्याला द्यावे लागू लागले. आनंदी कवी उदास 'का' झाला, असा प्रश्न आपण विचारतो. उदास माणसाला आनंदाच्या एवढ्या कविता कशा साधल्या, असा प्रश्न कोणी घालीत नाही. आणि वाङ्मयदृष्ट्या तोच अधिक फलदायी आहे.

५ मे १९१८ रोजी, वयाची २८ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, जळगावजवळील भादली स्थानकापाशी आगगाडीखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. तो अपघात होता असे चरित्रकार सांगतात, आणि त्याहून निराळे म्हणावयास माझ्यापाशी कसलाही आधार नाही. परंतु या अपघाताच्या वृत्तान्ताशेजारी एक कुजबुजही चालत आली आहे, आणि खानदेशात शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाने ती ऐकली असेल. वर्गात कोणी विद्यार्थी तो प्रश्न विचारतो, आणि मग दोन गोष्टी घडतात. एक तर अध्यापक किंचित रागावून अपघाताचे तपशील सांगतो. कवीवरील किटाळ दूर केल्याचा भाव त्याच्या आवाजात असतो. किंवा दुसरा एखादा अध्यापक आवाज खाली आणून, कविता आणि मरण यांचा धागा जुळवून दाखवितो, आणि वर्गास एक सुंदर शहारा देतो. पहिल्याच्या मते आत्मघाताचा संशय हा डाग, म्हणून तो पुसावयाचा. दुसऱ्याच्या मते तो दागिना, म्हणून तो मिरवावयाचा. मला दोन्ही सारखेच अग्राह्य वाटतात. अपघात म्हणावयाचे तर पुरावा तसा आहे म्हणून म्हणावे. अब्रू वाचते म्हणून नव्हे. आणि कवितेतील खिन्नतेला मृत्यूचा पुरावा करणे तर सर्वस्वी गैर आहे. वर्गात बसलेल्यांपैकी कोणी त्या वेळी कोणत्या अवस्थेत असेल हे आपणास ठाऊक नसते. आणि खिन्नतेचा शेवट असाच सुंदर व्हावयाचा असतो, असे सुचविण्याचा अधिकार कोणत्याही रसग्रहणास नाही.

खानदेशचा दुसरा दाखला साने गुरुजींचा. ते जन्माने कोकणातील पालगडचे. पण १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि त्यांचे अंतरंग घडले ते अमळनेरच्या छात्रालयात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकूण १८. ती उतरून घेणारा हात गुरुजींचा होता. हा योग मला नेहमी विचारात पाडतो. गीतेचा आरंभ विषादाने होतो, आणि परंपरेने त्या पहिल्या अध्यायास 'योग' ही संज्ञा दिली आहे. अर्जुन आपली लक्षणे सांगतो ती किती शारीरिक आहेत पाहा : गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, कातडीची आग होते, उभे राहवत नाही, मन भोवंडते. तीव्र भीतीच्या झटक्याचे याहून नेटके वर्णन करणे आजच्या वैद्यासही कठीण जावे. त्यावर श्रीकृष्णाचे पहिले उत्तर कोणते? 'क्लैब्य' आणि 'हृदयदौर्बल्य'. म्हणजे नामर्दपणा व मनाचा दुबळेपणा. आजही कोणी भावाला किंवा नवऱ्याला हेच दोन शब्द मराठीत सांगतो. पण पुढे काय होते इकडे आपले लक्ष जात नाही. त्या शब्दांचा उपयोग होत नाही. अर्जुन पुन्हा आपली व्यथा सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो; नंतरच खरे बोलणे सुरू होते. धिक्कार निष्फळ ठरल्यावर गीता उपदेशास आरंभ करते, हे अर्थकारांनी फारसे बोलून दाखविलेले नाही.

ही प्रवचने उतरून घेणाऱ्या गुरुजींना पुढे मराठी टीकेने जे शब्द लावले ते त्याच जातीचे होते : हळवा, रडका, भावविवश. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेली 'श्यामची आई' घरोघर वाचली गेली. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी तिजवर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पण विद्वानांच्या गोटात 'अश्रूंचे वाङ्मय' म्हणून तिला थोडे खालीच बसविले गेले. या कृतीत वाङ्मयीन दोष नाहीत असे मला म्हणावयाचे नाही. भावनेची पुनरुक्ती आहे, उपदेश आहे, आणि काही रात्री वगळल्या असत्या तर कृती अधिक घट्ट झाली असती. मात्र दोष कृतीचा सांगावयाचा असता आपण विशेषण माणसाला लावतो. 'येथे भावना अनावर झाली आहे' असे न म्हणता 'लेखक रडका आहे' असे म्हणतो. पुन्हा तीच प्रथमा.

या विशेषणांचे रूपही पाहण्यासारखे आहे. हसणे यापासून मराठीत 'हसरा' होते. रडणे यापासून 'रडका', 'रडवा', 'रडतोंड्या', 'रडूबाई'. हसण्याला एक गोड रूप पुरले, रडण्याला हेटाळणीची चार लागली, आणि त्यांपैकी एक स्त्रीलिंगी असून पुरुषालाच मुख्यतः चिकटविले जाते. याच्या उलट राग. धुळ्यातच १९२६ च्या डिसेंबरात इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले. त्यांच्या संतापाच्या आख्यायिका आपण किती कौतुकाने सांगतो! तापट असणे हे विद्वत्तेचे अलंकरण, आणि हळवे असणे ही तिची उणीव. दोन्ही मनाच्याच अवस्था. एकीने शेजारी दुखावतो, दुसरीने स्वतः.

११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपले जीवन संपविले. वयाची ५१ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या आधीच्या तीन वर्षांत त्यांनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले होते, गांधीजींच्या हत्येनंतर २१ दिवसांचे उपोषण केले होते, १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले होते, आणि पुतणीस उद्देशून 'सुंदर पत्रे' लिहिली होती. दुबळ्या मनाच्या माणसाची ही दिनचर्या नव्हे, एवढे तरी कोणीही मान्य करील. त्यांच्या मृत्यूचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी एकच दिले जाते : स्वराज्याने केलेला भ्रमनिरास. ते सर्वस्वी खोटे आहे असे नाही. पण मला त्यात पुन्हा परीक्षेतील तो प्रश्न ऐकू येतो. एवढ्या मोठ्या माणसाचे दुःख आहे, तर कारणही राष्ट्राएवढे मोठे हवे. मोठे कारण सापडले तर मरण हुतात्म्याचे. न सापडले तर भेकडाचे. एखाद्या थोर माणसाला वेदना होती, ती त्याला सोसवेनाशी झाली, आणि कदाचित तीवर इलाजही होऊ शकला असता, हे तिसरे वाक्य आपल्या चरित्रलेखनाला लिहिता येत नाही.

भाषेने येथे एक वाट ठेवली होती. 'आत्महत्या करणे' या प्रयोगात हत्या आहे आणि हत्या करणारा आहे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ ने आत्महत्येच्या प्रयत्नास गुन्हा ठरवून त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे असे सांगितले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरले नाही. कायदा बदलला, शब्द राहिला. बोलीत मात्र पहिल्यापासून 'जिवाचे बरेवाईट करणे' असा प्रयोग आहे. त्याला आपण संकोचाची पळवाट समजतो. मला त्यात निवाडा देण्याचे टाळणारी एक जुनी शालीनता दिसते. 'जिवाचे बरेवाईट' म्हणणारी आजी गेलेल्या माणसाला खुनी म्हणत नाही.

लोकापवादाचा भूगोलही भाषेत उतरतो. महाराष्ट्रातील शासकीय मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी अशा चार ठिकाणी उभी राहिली. जुन्या वहिवाटीत त्या यादीत खानदेश नाही. म्हणून आमच्याकडे 'ठाण्याला न्या', 'येरवड्याला धाडा' ही शिवी रेल्वेच्या प्रवासासह येते. आज जळगावात आणि धुळ्यात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, जिल्हा रुग्णालयांत विभाग आहेत. तरी नाशिकला किंवा पुण्याला जाऊन औषध आणणारी माणसे माझ्या माहितीत आहेत. अंतर हेच तेथे औषधाचे पहिले वेष्टन असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने देशातील प्रौढांत विकारांचे प्रमाण सुमारे १०.६ टक्के असल्याचे नोंदविले, आणि त्यांपैकी उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. खानदेशाच्या दोन्ही बाजूंची गुजरात आणि मध्यप्रदेश ही राज्ये होती. सातपुडा ओलांडला म्हणून मन बदलते असे मानण्याचे कारण नाही.

येथे स्वतःविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकास याच विकारासाठी तीन महिने औषधे घ्यावी लागली आणि सहा आठवडे रजा घ्यावी लागली. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मी 'कंबरदुखी' असे लिहिले. कोणी तसे लिहावयास सांगितले नव्हते. पुढे सहकारी कंबरेची चौकशी करीत, तेल सुचवीत, आणि मी ते लक्षपूर्वक ऐकून घेई. भाषाशास्त्रात प्रबंध लिहिलेल्या माणसाने एका शब्दापुरते एवढे भ्यावे, याची गंमत मला तेव्हा वाटली नाही. त्या सत्राच्या अखेरीस बालकवींवरील उत्तरे तपासताना मात्र, दारिद्र्य, भ्रमंती, असुखी संसार अशी कारणे ओळीने वाचीत असता माझ्या ध्यानात आले की, कंबरदुखी हेही त्यांतलेच एक कारण आहे. मान्य होण्याजोगे.

निंद्य न मानता मनाचे दुखणे लिहिण्याची मराठीत परंपरा नाही असे नव्हे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी मनावर रचलेल्या कवितेत मन हे पिकात शिरलेले गुरू आहे, हाकलले तरी पुन्हा येणारे. आणि विंचू-सापाच्या विषाला उतारा असतो, मनाच्या विषाला नसतो, असे ती कविता स्वच्छपणे सांगते. तेथे लाज कोठेही नाही. शेतकरीण जशी कीड-पाण्याविषयी बोलते तसे ते बोलणे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त तर आरंभीच वडिलांच्या सोवळ्याची हकीगत येते. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाल्यानंतर वडिलांना सोवळ्याने असे पछाडले की मीठसाखरही धुवून घेण्यापर्यंत मजल गेली. घराने काय सोसले ते त्या सांगतात, हसूही येऊ देतात, आणि वडिलांना एकही विशेषण न लावता पुढे जातात. कारणाचा उल्लेख आहे, पण त्यावर भार नाही. याच लक्ष्मीबाईंच्या घरी ठोमरे मुलासारखे राहिले होते, आणि त्यांनी रंगविलेला ठोमरे हा हट्टी, रुसणारा, खोडकर, जिवंत मुलगा आहे. कोणत्याही टीकाग्रंथातील बालकवींपेक्षा तो मला अधिक विश्वसनीय वाटतो.

राहता राहिला एक शब्द. या लोकापवादाला आज मराठी पत्रकांतून 'कलंक' म्हणतात. ग्रीक 'स्टिग्मा' ही डागणीची खूण, त्याला प्रतिशब्द म्हणून हा योजिला गेला. कलंक चंद्राचा, आणि १९१२ च्या जुन्या कायद्याच्या इंग्रजी नावातील 'ल्युनसी' हा शब्दही चंद्रवाचक लॅटिन शब्दापासूनच आलेला, हा योगायोग गमतीचा आहे. 'लांछन'ही मुळात नुसती ओळखण्याची खूण. जैन मूर्तींवर तीर्थंकरांचे चिन्ह त्या नावाने अद्याप निर्दोष अर्थाने उभे आहे. पण या सर्वांत मला रेंगाळावेसे वाटते ते 'काळिमा' या शब्दापाशी. व्यवहारात काळिमा कुळाला लागतो. 'औदुंबर' या आठच ओळींच्या कवितेवर मराठीत जितके लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या कवितेवर लिहिले गेले असेल : ते निव्वळ चित्र आहे, योग्याचे प्रतीक आहे, मृत्यूची छाया आहे. या सर्व अर्थांत एक साधी भाषिक गोष्ट सुटते. पाण्यावर पसरलेल्या गडदपणासाठी कवीने नेमका हाच बदनाम शब्द घेतला आणि त्याला माधुर्याचे विशेषण जोडले. त्यामुळे शब्दावरचा अपवाद उतरतो आणि नुसता रंग उरतो. काळोख आहे, तो झाडाच्या पायाशी आहे, झाड तेथे बसून आहे. का बसले आहे, हे कवितेत सांगितलेले नाही; आणि तेथे मात्र कोणी परीक्षकाने कारण विचारलेले मला आठवत नाही.

अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीसाठी मी एक लेखी सूचना दिली आहे. प्रश्नसंचातील 'उदासीनतेची कारणमीमांसा करा' हा प्रश्न काढून त्याऐवजी 'उदासीनता या कवितेतील वाक्यरचनेचा विचार करा' असा प्रश्न घालावा. सूचनेखाली पानाच्या शेवटी, कोणी न विचारताही, माझ्या त्या रजेचे खरे कारण लिहिले आहे.